पंचाची बाजू

नव्या सरांच्या हाताखालचा तो पहिलाच सामना. पुढच्या फळीतल्या, सगळे भिंगरी म्हणत त्या पोराने दोघांना गुंगारा देऊन चेंडू जाळ्यात घातला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी प्रशिक्षकाने काय करावं? उड्या माराव्यात, टाळ्या पिटाव्यात, निदान गालात हसावं तरी. नवे सर बाकावरून उठले, उजवा हात सरळ आभाळाकडे उचलला आणि तसाच धरून ठेवला. ऑफसाइड!

रेषेवरचा झेंडेवाला तरणा होता, सरांच्याच हाताखाली पंचगिरी शिकलेला. त्याने सवयीने सरांकडे पाहिलं आणि झेंडा वर केला. गोल गेला, आणि पुढे सामनाही गेला.

"सर, तो आपला गोल होता हो!" भिंगरी रडकुंडीला आला.

"हो रे बाळा," सर म्हणाले, आणि आपल्याच हाताकडे असं बघत राहिले की जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. "पण तू पुढे होतास ना."

संघाचा कप्तान हे सगळं मधल्या बचावातून बघत होता. उंचीमुळे त्याला सगळे खांब म्हणत. कॉलेजचं शेवटचं वर्ष, शेवटचा हंगाम, आणि नशिबाने पुढ्यात वाढून ठेवलेला हा माणूस! खांबाला हसावं की कपाळावर हात मारावा, तेच कळेना.

हे नवे सर म्हणजे जन्मभराचे पंच. गुडघे गेले म्हणून शिट्टी खाली ठेवली आणि कॉलेजने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. त्यांच्या आधीचे जुने सर म्हणजे ओरडण्याचा कारखाना. "डावीकडे! मागे ये! झोपलास का रे गाढवा!" असं पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत चालायचं. पोरं डोळ्यांनी खेळतच नसत, कानांनी खेळत. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, घसा हवा की फुटबॉल ते ठरवा. जुन्या सरांनी घसा निवडला.

आणि हे नवे! सामन्यात तोंडातून अक्षर नाही. आपल्या बाजूने एक हाक मारायची म्हटलं तरी यांना तो पक्षपात वाटायचा. इतकी वर्षं कोणाचीही बाजू घ्यायची नाही हे हाडात मुरलेलं. मध्यंतराला पोरं घामाघूम होऊन कपडे बदलायच्या खोलीत येत, बाटल्या तोंडाला लावत, आता काहीतरी कानमंत्र मिळेल म्हणून वाट बघत. सर एकेकाच्या समोर जाऊन एवढंच विचारत, "काय दिसलं?"

"कुठे सर?"

"मैदानात. काय दिसलं ते सांग. काय करायला हवं ते सांगू नकोस."

पंच आपल्या झेंडेवाल्यांना विचारतो ना, तसं. भिंगरीने एकदा वैतागून सांगितलं, "सर, चेंडू दिसला. गोल होता." सगळे फिदीफिदी हसले. सरांनी मात्र गंभीरपणे मान हलवली, "बरं," म्हणाले आणि पुढच्या पोराकडे गेले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस फार शहाणा आहे की याला काहीच कळत नाही? दोन्हीची लक्षणं सारखीच दिसत होती.

खांब राहायचा मावशीकडे. मावशीची लॉन्ड्री होती आणि वरच्या मजल्यावरची खोली तिने भाच्याला दिली होती. खाली दिवसभर मशिनांची घरघर, इस्त्रीची वाफ, ओल्या कापडाचा वास. संघाचे जर्सी-मोजे तिथेच धुतले जायचे, म्हणून मावशीला संघाबद्दल मत असणं हा ती आपला हक्कच समजायची.

"काय रे, परत हरलात?" गुडघ्यावरचे डाग साबणाने चोळत ती म्हणाली. "एवढं लोळायचंच होतं तर जिंकून तरी लोळायचं. मला निदान डाग काढायला हुरूप आला असता."

"मावशे, आमचे सरच कळत नाहीत गं."

"त्यात काय कळायचंय? भला माणूस आहे."

"तुला काय माहीत?"

"त्यांचे मोजे जोडीने येतात. एवढी वर्षं लोकांचे कपडे धुतेय मी. ज्याचे मोजे जोडीने येतात तो माणूस वाईट नसतो."

"अगं, पण फुटबॉल येतो का त्यांना?"

"ते मोज्यावरून नाही सांगता येत," मावशी म्हणाली आणि मशिनाचं झाकण लावून मोकळी झाली.

शोध लावला तो गोलकीपरने. त्याला बोका म्हणत, कारण तो कुठूनही पडला तरी चार पायांवर पडायचा. एके संध्याकाळी सराव संपल्यावर, बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो एकदम थांबला.

"अरे, आपण सगळे बैल आहोत," बोका म्हणाला.

"तू तुझं बघ," भिंगरी म्हणाला.

"ऐक तर! पंच कधी तोंडाने बोलतो का? पंच बोलतो हातांनी. सर जन्मभर हातांनीच बोलले. ते आपल्याला सांगतायत रे सगळं, आपणच वाचत नाही! गेल्या सामन्यात त्यांनी टोपी काढली आणि लगेच आपल्याला कॉर्नर मिळाला. आठवतं?"

कोणाला आठवत होतं, कोणाला नव्हतं, पण बोक्याचा आवाज असा काही होता की सगळ्यांनाच आठवलं. ज्याला गुरूची ओढ असते त्याला गुरूच्या शिंकेतही उपदेश ऐकू येतो, तशी त्या पोरांची गत झाली. चार दिवसांत त्यांनी सगळी भाषा बसवून टाकली. टोपी काढली की सगळ्यांनी पुढे चढायचं. हात खिशात गेला की मागे फिरायचं. घड्याळाकडे पाहिलं की खेळ सावकाश करायचा. कानामागे खाजवलं तर? यावर वाद झाला. शेवटी असं ठरलं की कानामागे खाजवलं म्हणजे डावी बाजू मोकळी आहे.

आणि देवाची करणी बघा, ते पुढचा सामना जिंकले. त्याच्या पुढचाही जिंकले आणि लागोपाठ तिसराही. तिसऱ्या सामन्यात तर सरांनी कानामागे खाजवलं आणि डावीकडून गेलेल्या चेंडूवर भिंगरीने गोल मारला. सामना संपल्यावर पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. सर वरून "अरे, अरे, पडेन मी" म्हणत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आनंद होतं की भीती, हे खालून खांबाला नीट दिसलं नाही.

त्याच आठवड्यात प्राचार्यबाईंनी खांबाला बोलावून घेतलं. बाईंच्या टेबलावर काच होती, काचेखाली वेळापत्रकं दाबलेली होती आणि त्या बोलताना त्यांच्यावरून बोट फिरवायच्या.

"बस. तुमचे नवे सर इथे आले तेव्हा त्यांनी एक अट घातली होती. हंगाम संपला की त्यांना ठेवायचं की नाही, हे कप्तानाला विचारायचं. तो म्हणेल ते आम्ही करायचं."

"मला?" खांबाचा आवाज चिरकला. "बाई, मला कसं कळणार?"

"मलाही हाच प्रश्न पडला होता. पण माणूस हट्टी निघाला. म्हणाला, पंचाची पारख खेळणाऱ्यांनाच असते. तेव्हा शेवटच्या सामन्यानंतर ये आणि मला एक शब्द सांग. हो किंवा नाही. भाषण नको."

खांब बाहेर आला तो डोक्यावर पोतं ठेवल्यासारखा. एका माणसाची भाकरी आपल्या जिभेवर! तीन सामने जिंकले हे खरं. पण आधीचे हरले तेही खरंच होतं. त्याला वाटलं, उत्तर द्यायच्या आधी निदान माणसाशी नीट बोलावं.

सर सामानाच्या खोलीत होते. जाळी, खुंट्या, हवा गेलेले चेंडू आणि रबराचा उबट वास. सर खाली बसून पंपाने एका चेंडूत हवा भरत होते. दर थोड्या वेळाने अंगठ्याने चेंडू दाबून बघायचे आणि परत पंप मारायचे.

"सर, एक सांगायचं होतं," खांब म्हणाला. "तुमच्या खुणा आता पोरांना तोंडपाठ झाल्यात."

"कसल्या खुणा?"

"त्याच. टोपी, खिसा, घड्याळ, कान."

सरांचा पंप थांबला. खांबाने सगळं सांगितलं, टोपी म्हणजे काय, खिसा म्हणजे काय. सांगता सांगता त्याचाच आवाज बारीक होत गेला, कारण सरांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"टोपी मी काढतो, कारण डोकं तापतं," सर हळूच म्हणाले.

"आणि कान?"

"साबण सोसत नाही मला. पुरळ उठतं." सरांनी चेंडू मांडीवरून खाली ठेवला. "म्हणजे तीन सामने मी डोकं खाजवून जिंकलो?"

"डोकं नाही सर, कान," एवढंच तो म्हणाला.

सरांनी खाली ठेवलेला चेंडू परत अंगठ्याने दाबून पाहिला. मग सर चेंडूकडे बघतच बोलू लागले. "तुला सांगू? सामना संपला की दोन्ही संघ आपापल्या खोलीत जातात. कोणी रडतं, कोणी गातं. पण असतात एकत्र. पंच आपली बॅग उचलतो आणि एकटा घरी जातो. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडून ते गाणं ऐकलं. वाटायचं, एकदा तरी आपल्याला एक बाजू असावी. म्हणून आलो रे इथे. पण ओरडायला गेलो की आवाज फुटत नाही. शिकवायला गेलो की 'काय दिसलं' याच्या पुढे गाडी जात नाही. जे येतं तेवढंच देतोय."

"मग पोरांना सांगू का, खुणा खोट्या आहेत म्हणून?"

"तूच ठरव," सर म्हणाले. "मला खरंच कळत नाही."

घ्या! ज्याच्याकडे उत्तर मागायला जावं तोच झोळी पुढे करतो. खांबाने पोरांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं तर सरांची अब्रू जाणार आणि न सांगावं तर सगळी मदार एका पुरळावर.

शेवटच्या सामन्याला सर टोपी न घालताच आले. खिशांची पँटही घातली नव्हती. घड्याळ घरी, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, आणि असे ताठ उभे की कोणी पुतळा आणून ठेवलाय असं वाटावं. आपल्या एखाद्या हालचालीने पोरं भलतीकडे धावतील या धास्तीने बिचाऱ्याने पापणीसुद्धा जपून हलवली.

पण मैदानात हाहाकार उडाला. "टोपी कुठाय?" भिंगरी पळता पळता ओरडला. "हात मागे म्हणजे काय? हात मागे म्हणजे काय रे?" बोका गोलातून बोंबलत होता. उजवीकडच्या बॅकने ठरवलं की हात मागे म्हणजे मागे यायचं. डावीकडच्याने ठरवलं की हात मागे म्हणजे मागची फिकीर सोडून पुढे जायचं. या गोंधळात समोरच्यांनी दोन गोल घातले, आणि तेही अगदी सावकाश, बाजारातून भाजी आणावी तसे.

मध्यंतराला सर पोरांसमोर आले. ओठ सुकलेले. "काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"सर, तुमची टोपी दिसली नाही," भिंगरी म्हणाला, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

सरांचा हात डोक्याकडे गेला आणि घाईने पाठीमागे परतला. खांब उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता हे आपण नाही बोललो तर हा माणूस इथेच कोसळेल.

"खुणा नव्हत्याच," तो म्हणाला. "कधीच नव्हत्या. सरांचं डोकं तापायचं म्हणून टोपी निघायची. मला आठवडाभर माहीत होतं."

भिंगरीने बाटली खाली ठेवली. मग बोका म्हणाला, "कानसुद्धा?"

"पुरळ," सर म्हणाले.

"मग ते तीन सामने कोणी जिंकले?" भिंगरीने विचारलं. तो खांबाकडे बघत होता, मग सरांकडे, मग बोक्याकडे. तेवढ्यात बाहेर शिट्टी झाली.

दुसरा अर्धा भाग काय सांगावा महाराजा! पोरांना बघायला बाजूला कोणी उरलं नाही, म्हणून ती एकमेकांकडे बघू लागली आणि सगळी एकदमच बोलू लागली. "माझा, माझा!" "अरे सोड की!" "मागे बघ, मागे आलाय!" दोघं एकमेकांवर आपटले. एक गोल तर भिंगरीच्या खांद्याला लागून झाला, आणि त्याला स्वतःला तो झाल्याचं दुसऱ्यांनी सांगितलं. दुसरा मात्र छान झाला, चार पायांतून फिरत गेलेला. बरोबरी! खांबाला वाटलं, आता तरी काहीतरी कळेल.

सामना संपत आला होता. समोरच्यांनी उंच चेंडू टाकला, बोका उडाला, खांब उडाला, आणि चेंडू खांबाच्या कोपराला लागून बाहेर गेला. त्याला स्वच्छ कळलं. पेनल्टी. पण पंचाच्या आणि त्याच्या मध्ये बोक्याचं धूड होतं. समोरची पोरं हात नाचवत धावली. पंच गोंधळला, इकडे तिकडे पाहू लागला, काही दिसलं नाही अशी मान हलवू लागला.

हंगामभराच्या सवयीने खांबाची नजर बाजूला गेली. सर अगदी त्या बाजूच्या रेषेवर होते. त्यांना दिसलं होतं. त्यांचा उजवा खांदा आचके देत होता आणि पाठीमागे डाव्या हाताने उजवं मनगट करकचून धरलेलं होतं. जन्मभर जे दिसलं त्याला हात वर केलेला माणूस, आज आपला हात जिवाच्या आकांताने खाली दाबत होता. आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घामाचं की कसलं, देव जाणे.

आपल्यासाठी, खांबाला वाटलं. आपल्यासाठी हा माणूस हे करतोय. हे चांगलं आहे की वाईट, याचा विचार करायला वेळच मिळाला नाही. एक हात वर गेला होता आणि पंच त्या हाताकडे बघत होता. हात खांबाचाच होता.

पेनल्टीला बोका चुकीच्या बाजूला पडला. सामना गेला. गुणतक्त्यात कॉलेज मागच्या वर्षी जिथे होतं तिथेच राहिलं, ना वर ना खाली. भिंगरी बुटांसकट खाली बसून म्हणाला, "खांबा, तुझं डोकं फिरलंय का रे? एकदा सांग, फिरलंय का?" आणि खांब म्हणाला, "असेल."

प्राचार्यबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर सर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. खांब आत गेला तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

"ते मघाशी येऊन गेले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, मला ठेवू नका. आज मला स्पष्ट दिसलं आणि मी हात दाबला, असा माणूस पोरांपुढे नको. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण अट तुला विचारायची होती. हो की नाही?"

"ठेवा," खांब म्हणाला.

"का?"

"त्यांनी हात दाबला म्हणून."

"आणि तू हात वर केलास. मग तुम्हा दोघांत बरोबर कोण?"

"तेच कळत नाहीये, बाई."

"कळत नसताना ठेवा म्हणतोस?"

खांबाने टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. "त्यांना काहीच येत नाही असं कळलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. फार येतं असं कळलं असतं, तर एका शब्दात हो म्हटलं असतं. वर्षभर मी त्यांच्याकडे बघतोय. जे दिसलं ते सांगतो. त्यांना आमच्यात यायचंय. अजून जमलेलं नाही. आज अर्धे आले."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मी एक शब्द सांग म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "जा. ठेवते."

बाहेर येऊन खांब सरांच्या शेजारी बसला.

"काय सांगितलंस?"

"ठेवा."

"अरे, मी नको म्हणून सांगून आलोय!" सरांच्या मांडीवरची बॅग घसरली. "तुला कळतं का तू काय केलंस? पुढच्या वर्षी तू नाहीस. मला ओरडावं लागेल, पोरांच्या बाजूने ओरडावं लागेल. मला येतं का ते?"

"अट तुमचीच होती, सर."

"माझीच," सर म्हणाले आणि डोकं धरून बसले.

"आत्ता ओरडून बघा ना. इथे कोण आहे ऐकायला?"

सरांनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. उठले. घसा खाकरला. "चला रे," ते इतक्या हळू म्हणाले की शेजारच्या खांबालाच कसंबसं ऐकू आलं.

"मोठ्याने, सर."

"चला रे पोरांनो, पुढे!"

आवाज मधेच फाटला, पण फुटला. समोरचं दार उघडलं आणि हिशेबाच्या खोलीतले कारकून चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. "काय झालं? कोणाला बोलावलं? कुठे जायचंय?"

"कुठे नाही हो, काका," खांब म्हणाला. "सराव चाललाय."

कारकून दोघांकडे आळीपाळीने बघत तिथेच उभे राहिले. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी एकदा कारकुनांकडे पाहिलं, एकदा खांबाकडे, आणि पुन्हा छातीत श्वास भरून घेतला.